बोंडूवाडीची पिवळी लव

सिंधुदुर्ग वेगळा जिल्हा होऊन तेव्हा पाच-सहा वर्षं झाली होती. ओरोसला मुख्यालय उभं राहत होतं. म्हणजे खांब उभे होते, बाकीचं राहत होतं. काशिनाथ आजगावकर ज्या खात्यात भूवैज्ञानिक होते, त्या खात्याला तिथे एक खोली मिळाली होती. खोलीत टेबल होतं, खुर्ची होती, कपाट भरून दगड होते आणि दगडांमागे एक पाल होती. खात्याची जीप होती तेव्हा तिला ड्रायव्हर नव्हता. ड्रायव्हर आला त्याच आठवड्यात जीप दुरुस्तीला गेली. तेव्हापासून ड्रायव्हर रोज वेळेवर येऊन जीपच्या रिकाम्या जागी सावलीला बसे आणि काशिनाथ एस.टी.ने हिंडत.

ते मूळचे वेंगुर्ल्याकडचे. पण नोकरी सगळी चंद्रपूर-भंडाऱ्याकडे झाली. निवृत्तीला दोन वर्षं उरली असताना सरकारला त्यांचं गाव आठवलं आणि बदली घराजवळ झाली. तोवर घर कोल्हापूरला गेलेलं होतं. विमलाबाई मुलांच्या शिक्षणासाठी तिथे, हे इथे क्वार्टर्समध्ये एकटे. संध्याकाळी स्टोव्हवर कुळथाची पिठी आणि भात करायचा, गुडघ्याला तेल लावायचं आणि दिवस संपल्याचं जाहीर करायचं. त्यांना कंटाळा आला होता असं म्हणता येणार नाही. कंटाळलेल्या माणसाला निदान दुसरं काहीतरी हवं असतं. हे नुसतेच थकलेले होते.

एप्रिल महिन्यात कलेक्टर कचेरीतून फिरत फिरत एक पेढ्यांचा खोका त्यांच्या टेबलावर आला. पाठवणारे बोंडूवाडीचे प्राथमिक शिक्षक. आत वर्तमानपत्राच्या कागदात फिकट पिवळी पूड, आणि सोबत सुवाच्य अक्षरात विचारणा, की गावच्या जुन्या बोगद्यात भिंतीवर ही वस्तू उगवते, ती विषारी आहे काय, कळवावे. खोक्यावर बऱ्याच कचेऱ्यांचे शिक्के होते. वाटेत कुणी पेढ्याचा चुरा समजून बोट लावलं नसेल अशी आशा काशिनाथनी केली आणि खोक्याजवळ गायगर काउंटर धरला. कढईत मोहरी पडावी तसा तो तडतडला.

वर कळवलं. वरून उलट टपाली आलं की पाहणी करा, धातुखनिजाचा साठा नसल्यास बोगद्याचं तोंड बांधून काढा, आणि पावसाळ्यापूर्वी अहवाल द्या. नोकरीत इतकं स्पष्ट पत्र त्यांना पहिल्यांदाच मिळालं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

कसाल सोडून मालवणच्या रस्त्याला लागलं, की पुढे एका फाट्यावर एस.टी. माणसाला उतरवते आणि धुरळ्यात उभं करून निघून जाते. तिथून जांभ्या दगडाचा उघडा सडा, म्हणजे कातळाचा माळ, तुडवत अर्धा तास जायचं. मग सडा एकदम तुटतो आणि खाली काजूंच्या उतारात बोंडूवाडी दिसते. झाडांखाली बोंडं पडून आंबत होती आणि सगळ्या वाडीला दारूच्या दुकानाचा वास येत होता. शिक्षकांनी वाटाड्या म्हणून महादूला दिलं. महादू पन्नाशीचा, खांद्यावर पंचा, बोलायचं ते वाटेकडे बघून बोलणारा.

बोगदा वाडीच्या वरच्या अंगाला होता. मुंबईचा कोणी कंत्राटदार तांब्याच्या आशेने वीस वर्षांपूर्वी आला होता आणि वाडीतल्या धडधाकट माणसांना हाताशी धरून त्याने तो खणला होता. तोंडाशी करवंदीची जाळी माजली होती.

"तांबा गावतला म्हणान खणलो," महादू म्हणाला. "तांब्याचो पैसोय गावाक नाय. माझो भाव तेवडो गेलो."

"गेला म्हणजे?"

"गेलो म्हणजे आत गेलो. मगे दरड पडली." महादूने कोयत्याने करवंदीची फांदी तोडली. "भायर इलो नाय. इतक्याच आमका ठावक आसा."

भावाचं नाव परशुराम. दरड कोसळली त्या दुपारी बाकीचे जेवायला बाहेर आले होते. परशुराम आत विडी विसरली म्हणून परत गेला. आठवडाभर गावाने उपसलं. जेवढं उपसावं तेवढं वरून खाली येई. मग कंत्राटदार म्हणाला की मी मुंबईहून यंत्र आणतो, आणि यंत्र आणायला गेला तो अजून येतो आहे.

आत जाताना काशिनाथनी हे सगळं ऐकलं, पण खाणीत अपघात होतातच, अशा सरकारी कानाने ऐकलं. बोगदा वाकून चालण्याइतका उंच होता. एप्रिलच्या उन्हाळ्यात भिंती खडखडीत कोरड्या होत्या. पायाखाली भुगा, कोपऱ्यात वटवाघळांची घाण. शेवटी दरडीची भिंत आली. मोठमोठे धोंडे एकात एक अडकून बसलेले, मधे मातीचं लिंपण. महादू अलीकडेच उकिडवा बसला.

धोंड्यांमध्ये एक बोटभर रुंदीची फट होती. फटीभोवती, ताटाएवढ्या गोल जागेत, पिवळी लव उगवली होती.

काशिनाथनी आयुष्यात ही वस्तू एकदाच पाहिली होती, तीही विद्यापीठात, काचेच्या पेटीत, युरोपातून आलेली. युरेनोपिलाइट. युरेनियमचं सल्फेट, आणि त्याला धरून बसलेलं पुष्कळ पाणी. लिंबाच्या सालीसारखा रंग, बारीक केसांसारखे स्फटिक, इतके दाट की मखमल वाटावी. जुन्या लोकांनी त्याचं नावच नमद्यावरून, लोकर दाबून केलेल्या कापडावरून, ठेवलं. दुर्मीळ खरं, पण त्याची गंमत दुर्मीळपणात नाही. ते डोंगराच्या पोटात नसतंच. माणूस बोगदा खणतो, हवा आत शिरते, दगडातलं गंधकी लोखंड कुजतं, त्याचं आंबट पाणी कुठेतरी लपलेल्या युरेनियमला चाटतं, आणि मग भिंतीवर ही लव फुटते. माणूस गेला नसता तर ती झाली नसती. पाण्याची धार पडली की विरघळून जाते. हवा कोरडी झाली की अंगातलं पाणी सोडते, फिकी पडते आणि पीठ होऊन गळते. म्हणजे तिला ओल हवी, पण पाणी नको. दमट, कोंदट, कुणीतरी सांभाळल्यासारखी हवा हवी.

त्यांनी अतिनील दिवा लावला. लव हिरव्यापिवळ्या उजेडाने पेटली. गोल फार नेमका होता, फट बरोबर मधोमध. बाकीच्या बोगद्यात कुठे एक ठिपका नाही. गोल जमिनीपासून फार उंच नव्हता. माणूस पाठ टेकून बसला तर त्याचं तोंड जिथे येईल, तिथे. हा विचार आपण का केला, हे काशिनाथना कळलं नाही. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि चाकूने गोलाचा उजवीकडचा तुकडा खरवडून डबीत घेतला.

ओरोसला पोचेपर्यंत डबीतली लव फिकी पडली होती, आणि सकाळी तिचं पीठ झालं होतं. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे. पुस्तकाप्रमाणे काही घडलं की काशिनाथना जेवण बरं जाई.

पुढच्या आठवड्यात ते मोजमापासाठी पुन्हा गेले. या वेळी महादूने वाटेत खिशातून एक कागद काढून दाखवला. कुडाळच्या छापखान्यातून आलेला लग्नपत्रिकेचा कच्चा नमुना. परशुरामाची मुलगी यशोदा, बापाच्या अपघातानंतर दोन महिन्यांनी जन्मलेली, तिचं वैशाखात लग्न ठरलं होतं. पत्रिकेत सगळं जागच्या जागी होतं. गणपती होता, आमचे येथे श्रीकृपेकरून होतं. फक्त 'परशुराम' या नावाच्या अलीकडे बोटभर जागा कोरी होती.

"छापखानेवालो इचारता," महादू म्हणाला, "हय श्री घालू काय कै. घालू? टायपाचे खिळे तयार आसत म्हणता दोनय."

हा प्रश्न गावात वीस वर्षं पडून होता. माणूस परत आला नाही, प्रेत मिळालं नाही, तर बारा वर्षांनी पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याचं दहन करायचं, असा रिवाज. पण देवाला विचारल्याशिवाय नाही. म्हणून बारा वर्षं झाल्यावर भिकाजी गुरवाने रवळनाथाच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या लावून कौल मागितला. उजवी पाकळी पडली असती तर हो. डावी पडली. चार वर्षांनी पुन्हा विचारलं, पुन्हा डावी. देव म्हणतो मेला नाही, आणि माणूस तर येत नाही. परशुरामाची बायको सत्यवती तेव्हापासून कुंकू लावून होती, पण हळदीकुंकवाला तिला कुणी बोलवत नव्हतं आणि न बोलावल्याबद्दल कुणी बोलतही नव्हतं. आता व्याही अडून बसले होते. त्यांचं म्हणणं साधं होतं. बाप जिवंत असेल तर कन्यादानाला त्याला बसवा. नसेल तर आधी त्याचं क्रियाकर्म करा. अधांतरी घरातली मुलगी आम्ही नेणार नाही.

म्हणून गेल्या सोमवारी तिसऱ्यांदा कौल लावला. पाकळ्या पडल्याच नाहीत. उजवी नाही, डावी नाही. दिवसभर तशाच राहिल्या आणि सुकून दगडाला चिकटल्या.

"मगे?" काशिनाथनी विचारलं.

"मगे भिकाजी म्हणालो, देव ह्या आपल्याकडे घेणा नाय. वरच्याक इचारा." महादूने कागद घडी करून खिशात ठेवला. "आता देवाच्या वर कोण? सरकारच मां?"

काशिनाथ हसले. फाइल पुढे ढकलण्याची कला देवांनाही अवगत असावी याचं त्यांना फार बरं वाटलं. हसता हसताच ते बोगद्यात शिरले.

खरवडलेला तुकडा भरून आला होता.

नुसता भरून आला नव्हता, तिथली लव आजूबाजूच्या लवेपेक्षा दाट होती. असं व्हायला महिने लागतात, आणि तेही पाणी पुरवणारा पाऊस असताना. काशिनाथ गुडघ्यांवर बसले. फटीजवळ चेहरा नेला तसा चष्मा धुरकटला. त्यांनी पुसला. पुन्हा धुरकटला. पुसायला हात वर नेईपर्यंत आपोआप स्वच्छ झाला. मग पुन्हा धुरकटला.

खाणी श्वास घेतात हे त्यांना माहीत होतं. बाहेरच्या हवेचा दाब उतरला की आतली हवा बाहेर पडते, चढला की बाहेरची आत जाते. पण ते सकाळ-संध्याकाळचं काम असतं. बॅरोमीटर इतका उतावीळ नसतो.

आपलाच श्वास असणार. त्यांनी श्वास कोंडून धरला.

चष्मा धुरकटला. स्वच्छ झाला. धुरकटला.

हवा ऊन होती. तिला मातीचा वास नव्हता; बंद खोलीत बराच वेळ झोपलेल्या माणसाच्या उशाला येतो तसला वास होता. कोंडलेला श्वास काशिनाथना धरवेना आणि त्यांना खोकला आला. खोकला बोगद्यात घुमला.

फटीतली हवा थांबली.

खोकल्याचा आवाज पार विरेपर्यंत थांबून राहिली. कोणी कान देऊन ऐकावं तशी. मग, जरा बिचकत, पुन्हा सुरू झाली.

"काय झाला, सायबानू?" मागून महादूने विचारलं.

"दमट आहे," काशिनाथ म्हणाले.

त्या दिवशी ते मोजमाप न करताच परतले. एस.टी.त खिडकीशी बसून त्यांनी नेटाने विचार केला. पलीकडे पोकळी असेल. पोकळीत पाणी असेल. पाणी कुठल्यातरी झऱ्याने हलत असेल, हललं की हवा ढकलली जात असेल. खोकला हा योगायोग. वीस वर्षं अन्न नाही, तिथे माणूस असू शकत नाही. हे कळायला भूवैज्ञानिक लागत नाही. शिवाय ती दरड उपसायची म्हटलं तर डोंगराचा तो सगळा पदर खालच्या वाडीवर येईल. हे मात्र कळायला भूवैज्ञानिक लागतो. कसाल येईपर्यंत त्यांचं समाधान झालं होतं. ओरोस येईपर्यंत ते उतरलं. रात्री पिठी केली, ती तशीच ठेवून झोपले.

तिसऱ्या खेपेला त्यांना बोगद्यापर्यंत जाऊच दिलं नाही. महादूने वाटेतच गाठून आपल्या घरी नेलं. घरापुढच्या खळ्यात मांडवाचे खांब पुरून झाले होते, वर माडाची झापं पडायची होती. भिकाजी गुरव खांबाला टेकून विड्याला चुना लावत बसला होता. यशोदा दाराआड उभी होती. तिची फक्त बांगड्यांची बाजू दिसत होती. सत्यवती पुढे येऊन जमिनीवर बसली. कामाने वाळलेली, ठसठशीत कुंकू लावलेली बाई. तिने सोलकढीचा पेला पुढे ठेवला आणि तो रिकामा झाल्यावर परत उचलला.

मग तिने सगळं अगदी थोडक्यात सांगितलं. व्याह्यांनी रविवारपर्यंतची मुदत दिली होती. छापखाना थांबला होता. देव बोलत नव्हता. साहेब आत वाकून बघतात असं महादूने सांगितलं. तेव्हा साहेबांनी काय ते सांगावं.

"मी दगड बघायला आलोय," काशिनाथ म्हणाले. "हा प्रश्न आमच्या खात्याच्या कक्षेत येत नाही."

"देवाच्याय येणा नाय," भिकाजी विडा गालात सारून म्हणाला. "मगे कोणाच्या कक्षेत घालूचो ह्यो माणूस?"

सत्यवतीने त्याच्याकडे नुसतं बघितलं. तो विडा चघळू लागला.

"सायबानू," ती म्हणाली, "तो बरो माणूस होतो. आळशी होतो. कामार जावक सांगला काय म्हणा, उद्या बघुया. जितो आसतो तर माका वाटता थंयय बसान रवलो आसतो, उद्या बघुया म्हणान." ती हसली नाही. "मी वीस वरसा वाट बघलंय. मी दमलंय आता. चेडवाचा लगीन मोडला तर तेच्या नावान मोडताला, आणि मगे मी तेका कधी माफ करुचंय नाय. ह्या माका व्हया नाय. तुमी आत बघलात. माणूस आसा काय नाय, इतक्याच सांगा."

काशिनाथनी उत्तर जुळवायला सुरुवात केली. पाहणीअंती असं दिसून येतं की, असं काहीतरी. त्यांच्या डोळ्यांसमोर चष्म्याची काच आली, धुरकटणारी आणि निवळणारी. दारामागच्या बांगड्या हलल्या आणि हलल्याचं कळू नये म्हणून थांबल्या. हे थांबणं त्यांना ओळखीचं वाटलं. खरं काय सांगायचं? फट श्वास घेते म्हणून? मग ही बाई आणखी वीस वर्षं त्या फटीपाशी जाऊन बसेल, आणि ही मुलगीही.

कचेरीची भाषा तोंडात फिरेना. किती वर्षांनी त्यांच्या तोंडून आईच्या घरची भाषा आली.

"नाय गो बाय," ते म्हणाले. "थंय कोण नाय. तो गेलो."

सत्यवतीने एकदाच मान हलवली. भिकाजीने विडा थुंकला आणि पंचांग काढायला उठला. महादूने खिशातला कागद काढला, आणि पेन्सिल शोधू लागला.

पुतळा दोन दिवसांनी, वाडीच्या ओहोळाकाठी केला. काशिनाथना यायचं कारण नव्हतं, पण बोगद्याचं तोंड बांधायला कसालहून गवंडी ठरवायचे होते, या निमित्ताने ते आले आणि ओहोळाच्या पलीकडे एका काजूखाली उभे राहिले. पळसाची सुकी पानं दर्भाने बांधून हातपाय केले होते. डोक्याच्या जागी नारळ. अंगात परशुरामाचा जुना सदरा घातला होता, तो पानांना ढगळ होत होता. दुपारचे तीन, वैशाखाचं ऊन. ओहोळात पाणी नव्हतं आणि झाडाचं पान हलत नव्हतं. महादूने वर तूप ओतलं, अग्नी दिला. सुक्या पानांचं जळून जायला कितीसा वेळ लागणार. नारळ तेवढा मागाहून फुटला. भिकाजी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला की फार बरं पेटलं, देवाची हरकत दिसली नाही.

सत्यवती बायकांमध्ये होती. कपाळ मोकळं असलेला तिचा चेहरा काशिनाथना ओळखू आला नाही. नंतर ओळखू आला तेव्हा तो त्यांना तरुण वाटला. बऱ्याच वर्षांनी पुरती झोप झालेल्या माणसासारखा.

दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी यायच्या आधी शेवटचा नमुना घेऊन ठेवावा, म्हणून ते बोगद्याशी पोचले. रात्री समुद्राकडून ढग आले होते. हवा इतकी दमट होती की अंगाला सदरा चिकटत होता. महादू तोंडाशीच थांबला. आत येतो म्हणाला नाही, आणि त्यांनीही विचारलं नाही.

लव गेली होती.

दगडांच्या पायथ्याशी पांढुरकं पीठ पडलं होतं. भिंतीवर नुसता गोल डाग. दमट हवेत ती सुकायचं काही कारण नव्हतं.

ते गुडघ्यांवर बसले. चेहरा फटीशी नेला.

काच स्वच्छ राहिली.

त्यांनी बराच वेळ वाट बघितली. मग, कुणी ऐकणार नव्हतं तरी हळूच, खोकले.

काही थांबलं नाही, कारण काही चालू नव्हतं.

उठताना गुडघ्याने दगा दिला आणि तोल सावरायला त्यांनी हात दगडावर टेकला, फटीच्या कडेवर. दगड कोमट होता.

बाहेर उजेडात आल्यावर महादूने त्यांच्या हाताकडे बघितलं. तेव्हा त्यांनी बघितलं. तळवा काळा झाला होता. मऊ, तेलकट काजळी, बोटांच्या रेषांत शिरलेली.

"धूर," काशिनाथ म्हणाले. "ओहोळावरून आला असेल. डोंगराला फटी असतात."

महादूने त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि नाकाशी नेला. बराच वेळ तसाच धरला.

"तूप," तो म्हणाला.

खालून पायवाटेने गवंडी चिरे घेऊन येत होते, त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. त्यातल्या कुणीतरी विनोद केला होता. महादूने खांद्यावरचा पंचा काढला आणि काशिनाथांचा हात पुसायला लागला, एकेक बोट वेगळं करून, आजाऱ्याचं पुसतात तसं. काजळी निघाल्यावर त्याने पंच्याची काळी बाजू आत घेऊन घडी केली.

"वयनीक सांगू नकात," तो म्हणाला. मग पंच्याकडे बघत, "काल पेटयलंय तेव्हा पानां वायच हलली, सायबानू. हात वर केल्यासारखी. आमी म्हटला, वारो."